उंबऱ्यावरचा पहारा

“पण बाबा, नुसतं उचलून आणायचं आहे. तुम्ही येताय की नाही, तेवढं सांगा.”

निरंजननं हे तिसऱ्यांदा विचारलं. गाडीची किल्ली हातातच होती. चपलासुद्धा काढल्या नव्हत्या.

दस्तगीरबाबा चिंचेखाली बसून कंदिलाची काच पुसत होते. त्यांनी वर बघितलं नाही. मडक्यातून पेलाभर पाणी काढलं आणि त्याच्यासमोर ठेवलं.

“पाणी पी.”

“पाणी नको. वेळ नाही.”

“मग बस.”

“बसायलाही वेळ नाही, बाबा. चारच्या आत ते नाव मिळालं पाहिजे.”

बसला मात्र. अगदी कडेला, आत्ता उठायचंच आहे असा.

गावाबाहेरचा हा तकिया म्हणजे फकिराची एक खोली, पुढं ओटा आणि ही चिंच. दस्तगीरबाबांनी सव्वीस वर्षं टेलिफोनच्या खांबांवर काढली. लाइनमन होते. नोकरी संपली तशी हिरवी चादर अंगावर घेतली आणि इथं येऊन राहिले. लोक दुवा मागायला येतात, तसे बिघडलेले रेडिओ घेऊनही येतात. बाबा दोघांनाही सारखाच वेळ देतात.

निरंजन त्यांचा शिष्य. खांबावर कसं चढायचं, तारेला तार कशी पिळायची, सगळं बाबांच्या हाताखाली शिकला. मग शहरात जाऊन पुढचं शिकून आला. आता ऑफिसांतले संगणक एकमेकांना जोडून देतो. एकदा म्हणाला होता, “बाबा, तुमच्या तारेवर एका वेळी एक माणूस बोलायचा. माझ्या तारेवर अख्खं ऑफिस बोलतं.”

बाबांनी तेव्हा मान डोलावली होती. “आणि ऐकतं कोण?” एवढंच विचारलं होतं.

त्या दुपारी मी ओट्यावर काथ्या वळत बसलो होतो. त्या यंत्रांतलं मला काही कळत नाही. कानावर पडलं तसं सांगतो.

“नाव कसलं?” बाबांनी विचारलं.

“औषधाचं. आईच्या.”

आई काल न्हाणीत घसरली होती. खुब्याचं हाड मोडलं. आज संध्याकाळी ऑपरेशन होतं. नऊ वर्षांपूर्वी तिचं दुसरं एक ऑपरेशन झालं, तेव्हा भुलीचं औषध दिल्याबरोबर तिचा श्वास थांबला होता. कशीबशी वाचली. त्या डॉक्टरांनी औषधाचं नाव एका कागदावर लिहून दिलं होतं, हे हिला पुन्हा कधीही देऊ नका म्हणून.

“आताचे डॉक्टर म्हणतात, ते नाव सांगा, म्हणजे आम्ही ते सोडून दुसरं देऊ. नाही मिळालं तर...”

“नाही मिळालं तर?”

“अंदाजानं जावं लागेल म्हणाले.”

बाबांचा काच पुसणारा हात थांबला.

“कागद कुठं आहे?”

“फाडला.”

“कुणी?”

“मीच. संगणकात चित्र काढून ठेवलं होतं त्याचं. म्हटलं, आता कागदाचं काय काम.”

“लिहिणाऱ्या डॉक्टरांना विचार.”

“ते वारले. दवाखानाही उरला नाही.”

“आईला?”

“ग्लानीत आहे. माझं नाव सांगता येत नाही तिला, औषधाचं कुठलं.”

त्यानं किल्ली या हातातून त्या हातात घेतली.

मग घाईघाईनं सांगत सुटला. घर दोन मजली. खाली थोरला भाऊ आणि वहिनी, वर हा. ज्या संगणकात त्या कागदाचं चित्र आहे तो खाली, शैलावहिनीच्या शिवणाच्या खोलीत. बाहेरची केबल त्या खोलीत येते म्हणून तो तिथंच ठेवलेला. तिथून छताला भोक पाडून तार वर नेली आहे. त्या संगणकात ‘आई’ नावाचं एक फोल्डर आहे. सगळ्या घराचं सामाईक. खालून उघडावं, वरून उघडावं, ज्याला जे हवं ते बघावं, अशी सोय त्यानंच करून दिलेली.

“आणि आज सकाळपासून ते उघडत नाही.”

“तार बघितलीस?”

“बघितली.”

“कुठल्या टोकापासून?”

ही बाबांची जुनी शिस्त. तार तपासायची ती आपल्या हातातल्या टोकापासून. आधी आपल्याच फोनला कान लावायचा. मग पुढचा खांब, मग त्याच्या पुढचा. लांबच्या माणसाला शिव्या द्यायच्या त्या सगळ्यांत शेवटी.

“आपल्याच टोकापासून, बाबा. तुमचाच शिष्य आहे मी. आधी माझ्या मशीनला हाक मारली, त्यानं ओ दिली. मग मधल्या पेटीला मारली, तिनं दिली. मग खालच्या संगणकाला. त्यानंही ओ दिली. म्हणजे जागा आहे, ऐकतोय. फोल्डरचं नावसुद्धा दिसतंय मला. फक्त उघडायला गेलं की...”

“की?”

“तुम्हाला परवानगी नाही म्हणतो. मला!”

“एवढंच म्हणतो?”

“खाली आणखी एक ओळ येते. हे जाळं ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याकडं परवानगी मागा.”

“मग मागितलीस?”

“कुणाकडं?”

“ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याकडं.”

“अहो बाबा, माझ्याच ताब्यात आहे ते! मीच बांधलंय.”

“बरं. मग तो काय म्हणाला?”

निरंजन उठला आणि पुन्हा बसला.

मला हसू आलं. त्यानं माझ्याकडं बघितलं, तसा मी काथ्याकडं बघायला लागलो.

तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. दचकलाच तो. काढला, बघितला, आणि वाजता वाजताच परत खिशात घातला.

“दवाखाना का?” बाबा म्हणाले.

“नाही. तिथं दादा बसलाय. ही वहिनी. सकाळपासून नववा फोन.”

“घे की.”

“नाही घेणार. तिनंच बंद केलंय ते.”

फोन वाजून वाजून थांबला. चिंचेवर एक कावळा होता, तोही उडून गेला.

“तुला कसं कळलं, तिनंच केलं?”

“दुसरं कोण करणार? अकरा महिन्यांपूर्वी काय झालं, तुम्हाला माहीत नाही, बाबा. तिनं त्या फोल्डरमध्ये हात घातला. आवरते म्हणाली. दोन-दोन दिसल्या त्या फायली पुसून टाकल्या. त्यात अप्पांचा, वडिलांचा आवाज गेला. जायच्या आधीच्या आठवड्यात ते आईला हाक मारत होते, तेव्हा मी भरून घेतला होता. तेवढाच होता आमच्याकडं.”

बाबा पुन्हा काच पुसायला लागले.

“मग मी बोललो तिला. सगळ्यांसमोर.”

“आई होती?”

“...होती.”

“काय बोललास?”

“या घरात आता कुणी कशाला हात लावायचा नाही म्हटलं. आणि तुमच्या हातचं पाणीसुद्धा पिणार नाही म्हटलं.”

“मग?”

“नाही प्यालो. अकरा महिने.” हे सांगताना त्याची मान जरा वर झाली.

“आणि आईला पाणी कोण देत होतं?”

“आई खालीच असते. वहिनीच देते.”

बाबांनी काच उजेडात धरली. एक डाग राहिला होता, तो पुन्हा पुसायला घेतला.

“त्या खालच्या संगणकाला कुलूप आहे?”

“पासवर्ड आहे.”

“कुणाकडं?”

“फक्त माझ्याकडं. त्या भांडणानंतर बदलला मी.”

“मग तिनं कसं बंद केलं?”

“आणलं असेल कुणाला तरी बोलावून! सूड आहे हा, बाबा. तिकडं आई अशी पडलीय आणि हिला सूड सुचतोय.” त्यानं मनगटावरचं घड्याळ बघितलं. दोनला वीस कमी. “म्हणून म्हणतो, तुम्ही चला. तुम्हाला ती मानते. तुम्ही आत जा, तो संगणक उचला आणि जिन्यापाशी मला आणून द्या. मला तिच्या घरात पाय ठेवायला लागू नये, एवढंच. पुढचं मी बघतो.”

बाबांनी काच कंदिलात बसवली. गुडघ्यावर हात टेकून उठले. निरंजनही टुणकन उठला. निघाले बाबा, असं त्याला वाटलं. मलाही तसंच वाटलं.

पण ते खोलीकडं गेले.

“इकडं ये.” उंबऱ्याकडं बोट दाखवलं. “इथं बस. बाहेर तोंड करून.”

“आत्ता?”

“मी आत आहे. कुणालाही आत सोडायचं नाही. कुणालाही म्हणजे कुणालाही.”

“बाबा, माझी आई...”

“म्हणूनच सांगतोय.”

आत गेले.

निरंजननं माझ्याकडं बघितलं. मी काय करणार... तो बसला उंबऱ्याच्या बाहेरच्या अंगाला. एक पाय सारखा हलत होता. दर मिनिटाला घड्याळ बघत होता. आत स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला. स्टोव्ह भुरभुरला आणि मग एका लयीत लागला.

“चहा करतायत,” तो माझ्याकडं बघून हळूच म्हणाला. “काका, बाबा चहा करतायत!”

रडतो की काय असं वाटलं.

तेवढ्यात हौसाबाई आली. ती रोज या वेळेला तकियात दूध घालते. किटली घेऊन सरळ दाराशी आली.

“सर जरा.”

“आत जायचं नाही, मावशी.”

“का रं? बाबा बरं हाईत न्हवं?”

“बरे आहेत. कुणालाही सोडायचं नाही म्हणून सांगितलंय.”

“मी कुणी हाय व्हय? बारा वर्सं दूध घालतीया हितं.”

“कुणालाही म्हणजे कुणालाही.”

“अगं बया! आन तू कवापास्नं ठानेदार झालास?” ती माझ्याकडं वळली. “भावजी, सांगा की याला.”

मी खांदे उडवले. सांगणं माझ्या हातात नव्हतं.

“उनात नासंल की रं दूध.”

“नासू द्या.”

“आरं, पर दाराला चिकटून तूच बसलायस. तुला बरं चालतं?”

“माझी गोष्ट वेगळी आहे.”

“येगळा हाय म्हनं!” हौसाबाईनं किटली चिंचेच्या बुडाशी ठेवली, पदरानं तोंड पुसलं आणि पुटपुटत गेली. वळणापर्यंत तिचं ते ‘येगळा हाय म्हनं’ ऐकू येत होतं.

निरंजननं पुन्हा घड्याळ बघितलं. दोनला आठ कमी. ओठ सुकले होते त्याचे. पाण्याचा पेला लांब, चिंचेखाली, तसाच होता.

“निरंजन,” आतून बाबांची हाक आली. “चहा झाला. ये आत.”

तो चटकन उठला. एक पाय उंबऱ्याच्या आत टाकला.

“थांब.”

तो थांबला. एक पाय आत, एक बाहेर.

“कुठं निघालास?” बाबा आतून म्हणाले.

“तुम्हीच बोलावलंत.”

“बोलावलं. पण त्याआधी काय सांगितलं होतं?”

“कुणालाही आत सोडायचं नाही.”

“मग?”

“पण ते... ते बाकीच्यांसाठी. मी तर राखणदार.”

“मी कुणाचं नाव वगळलं होतं का?”

“...नाही.”

“हौसाबाईला काय सांगितलंस?”

“कुणालाही म्हणजे...”

पुढचं त्याच्या तोंडातच राहिलं.

आतला स्टोव्ह बंद झाला. एकदम सगळं शांत झालं. निरंजन तसाच उभा होता, दाराच्या चौकटीला धरून. त्याचा चेहरा मला बाजूनं दिसत होता. ताप उतरताना माणसाला घाम सुटतो ना, तसा झाला होता.

“त्या दिवशी,” तो अगदी हळू बोलायला लागला. “त्या दिवशी भांडून झालं आणि मी खाली त्या संगणकासमोर बसलो. फोल्डर कोण उघडू शकतं त्याची यादी असते, बाबा. त्यात ‘सगळे’ असं एक नाव असतं. त्याच्यापुढं मी नकाराची खूण केली. त्याखाली माझं नाव घातलं, परवानगीची खूण केली. सगळे बाहेर आणि मी एकटा आत... असं ठरवून.”

“मग?”

“नकार भारी पडतो. परवानगी कितीही देऊन ठेवली तरी नकार आधी बघितला जातो. रोज लोकांना शिकवतो मी हे. रोज. आणि ‘सगळे’मध्ये...”

त्यानं उंबऱ्याच्या आतल्या आपल्या पायाकडं बघितलं.

“...मीही आलोच.”

“त्या दिवशी उघडून बघितलं नाहीस?”

“रागात होतो. बंद केलं आणि जिना चढून वर गेलो. त्यानंतर आजच पहिल्यांदा बघितलं.”

“म्हणजे वहिनीनं...”

“काही केलं नाही. तिला तर बिचारीला... दादानं तिला दवाखान्यातून फोन केला असणार. ती त्या संगणकासमोर बसून असेल सकाळपासून. मी घातलेला नकार तारेवरून येणाऱ्यांना आहे, समोर बसलेल्याला नाही. पासवर्ड सांगितला असता तर तिनं कधीच उघडलं असतं. नऊ वेळा फोन केला तिनं, बाबा. नऊ वेळा.”

त्यानं बाहेरच्या पायावरच वळून फोन काढला, लावला. कानाशी धरला.

वाजत राहिला... वाजत राहिला...

उचलला नाही कुणी.

पुन्हा लावला. पुन्हा तसंच.

“घेत नाही ती.” त्यानं फोन खाली घेतला. “आता ती घेत नाही, बाबा.”

बाबा दोन कप घेऊन बाहेर आले. एक मला दिला.

“कोराच आहे,” म्हणाले. “दूध बाहेर राहिलं.”

निरंजननं घड्याळ बघितलं. दोन वाजले होते. गाडीवरून घर दहा मिनिटांवर. वेळ होता. पण तो निघेना. गाडीपर्यंत गेला, परत आला.

“बाबा, तुम्ही चला ना. आत नका जाऊ, नुसते सोबत चला.”

बाबांनी मान हलवली. नाही.

“मी एकटा कसा जाऊ? अकरा महिने त्या दाराकडं बघितलं नाही मी. जिन्यावर ती समोर आली तर तोंड फिरवून जायचो. आज कुठल्या तोंडानं दार वाजवू?”

“हाक मार. ओ देते का बघ.”

“आणि दिली तर? दार उघडलं तर पहिलं काय बोलू? चुकलो म्हणू? पासवर्ड सांगू? काय म्हणू मी?”

बाबा चहा पीत होते.

निरंजननं कपाळावरचा घाम पुसला. घसा पार कोरडा पडला होता. त्याची नजर चिंचेखाली गेली. मघाशी बाबांनी काढून ठेवलेलं पाणी तिथंच होतं. तो वाकला, पेला उचलला, ओठांशी नेला.

बाबांनी कप खाली ठेवला. चार पावलं चालत गेले. त्याच्या हातातून पेला काढून घेतला आणि सगळं पाणी सावकाश चिंचेच्या मुळाशी ओतलं.

निरंजन बघतच राहिला.

“इथं नाही,” बाबा म्हणाले. “तिथं जाऊन माग.”